करवंटीची गाळणी

१९७२ साली इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या नियतकालिकात नारळाच्या करवंटीवर एक लेख छापून आला. संस्था तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. लेखक जे. एन. कर्डिले, महाराष्ट्रातल्या पाणीपुरवठ्याच्या कामातले अभियंते. कुटलेली करवंटी वाळूच्या जोडीने गाळणीत वापरता येईल, असे त्यांचे म्हणणे. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे वाचून आधी हसू येते. आमच्याकडे करवंटीची कामे ठरलेली: न्हाणीच्या चुलीत जाळायची, दांडा लावून डाव करायचा, फार तर कोळसा करून इस्त्रीत घालायचा. तिच्यातून अख्ख्या गावाचे पाणी गाळायचे, हे कोकणातल्या कुणाला सुचले नाही. सुचले ते घाटावर, नारळ विकत घेणाऱ्या मुलखात.

हा लेख, कर्डिले यांचेच ‘सिंपल मेथड्स इन वॉटर प्युरिफिकेशन’ हे पुस्तक आणि क्रिस्टोफर शुल्झ व डॅनियल ओकन यांचा विकसनशील देशांतल्या जलशुद्धीकरणावरचा १९८४ सालचा ग्रंथ, ही साधने शेजारी शेजारी ठेवली की महाराष्ट्रातल्या तीन गावांतल्या, कर्डिले यांनी उभारलेल्या जलशुद्धीकरण केंद्रांची हकीकत जुळवता येते. नागपूर जिल्ह्यातले रामटेक, १९७३. जळगाव जिल्ह्यातले वरणगाव, १९७७. नाशिक जिल्ह्यातले चांदोरी, १९८०. यात कोकणातले एकही गाव नाही. तरीही ती वेंगुर्ल्यात बसून जुळवावीशी वाटली. करवंटी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आकड्यांचे आहे, ते ओघात येईल.

त्याआधी एक शब्द. गढूळ पाणी ‘निवळते’. भांडणानंतरचे वातावरण निवळते, पावसानंतरचे आभाळ निवळते, पण मुळात निवळते ते पाणी. निवळी नावाचे एक बी असते. दगडावर पाण्यात उगाळून ते हंड्याला आतून लावायचे किंवा उगाळ पाण्यात मिसळायची, म्हणजे काही वेळाने गाळ खाली बसतो. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पाण्यासंबंधीच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, पाण्याचा गढूळपणा घालवणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. कतक, गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. यादी मोठी मजेशीर आहे. वस्त्र आणि निवळी घरोघर चालणारे उपाय आहेत. ज्या घरात पाणी मोत्याने निवळत होते, त्या घरातल्या इतरही बऱ्याच अडचणी आधीच निवळलेल्या असणार. मनुस्मृतीचा कर्ता याच बियाचा दाखला निराळ्या कामी वापरतो: निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे तो आश्रमधर्म सांगताना म्हणतो. म्हणजे दाखला द्यावा इतकी ही गोष्ट लोकांना माहीत होती.

अशा उताऱ्यांतून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे नीट पाहावे लागते. गढूळपणा हा पाण्याचा स्वतंत्र दोष मानला जात होता आणि त्यावर स्वतंत्र उपाय होते, एवढे त्यातून नक्की निघते. त्या काळी एखाद्या गावाला निवळलेले पाणी मिळत होते, असे मात्र त्यातून निघत नाही. हंडा निराळा आणि गाव निराळे. निवळीच्या बियाची आधुनिक तपासणी १९७६ साली नागपूरच्या पर्यावरण-आरोग्यविषयक नियतकालिकात छापली गेली. त्रिपाठी, चौधरी आणि बोकील यांचा तो लेख. बियात विरघळणारे लांबलचक रेणू गाळाच्या कणांना एकमेकांशी बांधतात. तिकडे सुदानमध्ये सामिया अल अझारिया जान या संशोधिकेने शेवग्याच्या बियांवर असेच काम केले. शेवगा आमच्या परसात असतो, पण आम्ही त्याच्या शेंगा आमटीत घालण्यापलीकडे गेलो नाही.

आता गढूळपणा मोजायचा कसा? व्हिपल आणि जॅक्सन या अमेरिकनांनी १९०० सालच्या सुमारास जी रीत रूढ केली ती कुणालाही समजेल अशी आहे. उभ्या काचेच्या नळीखाली मेणबत्ती पेटवायची आणि वरून डोळा लावून नळीत हळूहळू पाणी ओतत जायचे. ज्योतीची आकृती विरघळून नुसता सारखा उजेड उरला की थांबायचे आणि पाण्याची उंची वाचायची. पाणी जितके गढूळ तितकी उंची कमी. या रीतीची मर्यादा अशी की २५ एककांच्या खालचा गढूळपणा मेणबत्तीला ओळखता येत नसे. पुढे पाण्यातून काटकोनात विखुरणारा प्रकाश मोजणारी उपकरणे आली आणि एनटीयू हे एकक रुळले. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात १९९१ साली ५ एनटीयू इष्ट आणि १० ही वरची मर्यादा होती. २०१२ च्या आवृत्तीत ती १ वर आली, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सवलत. हे मानक पहिल्यांदा निघाले १९८३ साली. रामटेक, वरणगाव आणि चांदोरी ही तिन्ही केंद्रे त्याच्या आधीची. म्हणून जुन्या कागदांत ‘स्वच्छ पाणी’ असे वाचताना आजचा एक एनटीयू मनात धरून चालत नाही.

स्वच्छतेचा आग्रह नुसता डोळ्यांच्या समाधानासाठी नाही. मातीच्या कणाआड जंतू दडतो आणि क्लोरिन त्याच्यापर्यंत पोचत नाही. गढूळ पाण्यात कितीही क्लोरिन ओतले तरी बरेचसे कणांवरच खर्ची पडते. आधी निवळायचे, मग गाळायचे आणि शेवटी क्लोरिन द्यायचे, हा क्रम त्यामुळेच ठरला आहे.

निवळायला वेळ किती लागतो? मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक फूट खाली जायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या कणाला अर्धा ते एक तास लागतो. त्याहून दहापट बारीक असेल तर दोन-चार दिवस. खरी चिकणमाती याहूनही बारीक असते. ती महिनोन्महिने तरंगत राहते, कारण तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी लागते ती इथे. ती तो भार मोडते, पाण्यातल्या क्षारतेशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके करते आणि माती त्यांत अडकते.

हे स्वयंपाकघरात पाहता येते. आषाढातल्या लालसर पाण्याच्या सहा काचेच्या बरण्या भराव्या, प्रत्येकीत एक लिटर. दहा ग्रॅम तुरटी लिटरभर पाण्यात विरघळवून घ्यावी, म्हणजे त्या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी येते. सिरिंजने पहिल्या बरणीत एक मिलिलिटर, दुसरीत दोन, असे सहापर्यंत घालावे. मिनिटभर जोरात ढवळावे, मग पंधरा मिनिटे अगदी सावकाश. सावकाश ढवळतानाच खरी गंमत दिसते. आधी काहीच होत नाही, मग पाण्यात धूळ चमकल्यासारखी दिसते आणि थोड्या वेळाने घुसळलेल्या ताकात लोण्याचे कण धरावे तसे पुंजके धरू लागतात. इथे घाई करून चमचा जोरात फिरवला की पुंजके फुटतात आणि फुटलेले पुन्हा पहिल्यासारखे जुळत नाहीत. अर्धा तास बरण्या हलवायच्या नाहीत. सहापैकी एखाद-दोन बरण्यांत तळाशी तांबडा थर आणि वर नितळ पाणी दिसते. कमी तुरटीच्या बरण्या गढूळ राहतात, आणि पुष्कळदा सर्वांत जास्त तुरटीचीही. जलशुद्धीकरण केंद्रातली बरणी-चाचणी ती हीच, फक्त तिथे सहा वल्ही एका मोटरवर फिरतात.

मोठ्या शहराच्या केंद्रात या प्रत्येक पायरीला स्वतंत्र बांधकाम असते. तुरटी झटकन मिसळायला जोराची रवी, सावकाश ढवळायला मोठ्या हौदातली फिरती वल्ही, निवळायला तीनेक मीटर खोल टाकी जिच्यात पाणी दोन-अडीच तास राहते, तळातला गाळ ओढणारे फिरते खुरपे, आणि मग वाळूच्या गाळण्या. लहान गावासाठी योजना आखताना बहुधा हाच नकाशा आकाराने लहान करून ठेवला जाई. मोटरी मात्र तेवढ्याच राहत, गिअरबॉक्स तेवढेच, आणि ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी. वीज गेली की वल्ही थांबली, वल्ही थांबली की पुंजके धरत नाहीत आणि गढूळ पाणी सरळ गाळणीवर येते. गाळणी दोन तासांत कोंदते. शेवटी बाजूची झडप उघडून कच्चे पाणीच गावाला सोडतात. पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचे पाणी आले की त्यामागे पुष्कळदा अशी एखादी झडप असते.

कर्डिले यांच्या तीन केंद्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांतल्या सुट्या कल्पना पूर्णपणे त्यांच्या नव्हत्या आणि त्यांनी तसा आव आणण्याचेही कारण नव्हते. टाकीत गाळ किती बसेल हे खोलीवर अवलंबून नसून तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे ॲलन हेझनने १९०४ सालीच मांडले होते. टाकीत आडवे थर घालावेत, असेही त्याने सुचवले. पण त्या थरांवर साचलेला गाळ काढायचा कसा, हे कोडे सुटत नव्हते. १९६८ साली कल्प, हॅन्सन आणि रिचर्डसन यांनी तिरप्या नळ्यांचा उपाय प्रसिद्ध केला. पाच सेंटिमीटर चौकोनी नळी साठ अंशांत कलती ठेवली की कणाला नळीच्या तळापर्यंत उभे अंतर उरते फक्त दहा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. त्या उतारावरून गाळ आपोआप खाली घसरतो. कित्येक तासांचे काम मिनिटांवर येते आणि एकही यंत्र लागत नाही.

दुहेरी थराची गाळणीही बाहेरून आलेली. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांना थंड ठेवण्यासाठी कोलंबिया नदीचे प्रचंड पाणी गाळावे लागे. कॉनली आणि पिटमन यांनी १९६० साली तिथला अनुभव लिहिला. वर अँथ्रसाइट या कठीण दगडी कोळशाचे जाडसर दाणे, खाली बारीक वाळू. आता अँथ्रसाइट आपल्याकडे मिळणार कुठून? १९७२ चा करवंटीवरचा लेख या प्रश्नाचे उत्तर आहे, असे तारखा लावून पाहिले की स्पष्ट दिसते. अमेरिकेत कल्पना छापली जाते १९६० आणि १९६८ साली, करवंटीचा लेख येतो १९७२ साली आणि रामटेकचे केंद्र उभे राहते १९७३ साली. एवढ्या थोड्या वर्षांत परदेशी कल्पना इथल्या मालात बसवून उभी करणे, हे आपल्या सरकारी बांधकामांच्या इतिहासात फारसे पाहायला मिळत नाही. तेही अवघा महाराष्ट्र पाणी किती मिळेल याच विवंचनेत होता, त्या १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे.

करवंटीच का, हे जवळून पाहण्यासारखे आहे. साधी वाळूची गाळणी खालून उलटे पाणी सोडून धुतात. धुताना वाळू उचलली जाते आणि पाणी थांबले की पुन्हा बसते. बसताना जाड दाणे आधी खाली जातात आणि सर्वांत बारीक वाळू वर राहते. म्हणजे सुपात पाखडल्यावर होते त्याच्या नेमके उलटे: जे खाली हवे ते वर येते. पुढच्या खेपेला गढूळ पाणी आले की सगळा गाळ वरच्या दोन बोटांत अडकतो, तिथे साय धरते आणि खालची हातभर वाळू कोरीच राहते. वर जाड दाणे हवे असतील तर ते वाळूपेक्षा हलके असले पाहिजेत, म्हणजे धुतल्यानंतरही ते वरच राहतील. वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, करवंटी सुमारे १.४ पट. एक-दोन मिलिमीटरचे तिचे दाणे रव्यासारखे एकसारखे कुटून, चाळून घेतले की पाण्यात बुडण्याइतके जड आणि वाळूवर राहण्याइतके हलके होतात. करवंटी कठीण असते, झिजत नाही आणि लवकर कुजत नाही. ज्यांनी करवंटीचा डाव आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे आलेला पाहिला आहे, त्यांना यासाठी प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. तरी लेखात दाखला होता, हे चांगले झाले. आजीचा डाव निविदेला जोडता येत नाही.

रामटेकच्या केंद्राची क्षमता रोज २४ लाख लिटर. तिथे येणारे कच्चे पाणी वर्षाचा बराच काळ फारसे गढूळ नसे, आणि रचनाही त्याला साजेशी साधी ठेवलेली. तुरटी मिसळलेले पाणी खडीच्या थरातून जाते आणि नंतर दुहेरी गाळणीवर येते. फिरती वल्ही नाहीत. खडीच्या दगडांमधून वळणे घेत जाताना पाणी स्वतःच ढवळले जाते, पुंजके धरतात आणि काही गाळ तिथेच राहतो. बरणीतला सावकाश फिरणारा चमचा इथे दगडांनी केला आहे. वीज गेली तरी दगड थांबत नाहीत.

वरणगावचा प्रश्न निराळा. भुसावळच्या पलीकडचे, तापीच्या खोऱ्यातले, काळ्या मातीच्या मुलखातले हे गाव. इथे रोज ४२ लाख लिटर आणि पावसाळ्यात भयंकर गढूळ पाणी. नुसती खडी असती तर आठवडाभरात तुंबली असती. म्हणून खडीनंतर तिरप्या नळ्यांच्या टाक्या घातल्या आणि मग दुहेरी गाळण्या. चांदोरी हे गोदाकाठचे, निफाड तालुक्यातले गाव. पुराच्या बातम्यांत सायखेड्याबरोबर त्याचे नाव दर थोड्या वर्षांनी वाचायला मिळते. तिथे रोज १० लाख लिटरचे केंद्र झाले. खडी, नळ्या, गाळणी, सगळे एकाला एक लागून.

दहा लाख लिटर म्हणजे तासाला सुमारे ४२ घनमीटर. हे पाणी जुन्या मंदगती वाळूच्या गाळणीतून घ्यायचे, तर तिचा वेग तासाला दहा सेंटिमीटर धरून सव्वाचारशे चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडा जास्तच. जलद गाळणीचा वेग तासाला पाच मीटर धरला तर साडेआठ चौरस मीटर पुरतात. एक खोली. तुरटीचा हिशेबही असाच करता येतो: लिटरला ५० मिलिग्रॅम लागली तर दिवसाला ५० किलो, म्हणजे एक पोते. गावाच्या पाण्याचे गणित इतके लहान आणि डोळ्यांसमोर आणता येण्यासारखे आहे. ते मोठमोठ्या अहवालांत हरवते.

मंदगती गाळणीला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच सुमारास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हेगच्या आंतरराष्ट्रीय केंद्राबरोबर या गाळणीचे प्रयोग चालवले होते आणि प्रात्यक्षिकासाठी निवडलेल्या भारतीय खेड्यांत नागपूर जिल्ह्यातले बोरूजवाडा होते. ही गाळणी जंतू फार चांगले अडवते, तिला तुरटी लागत नाही आणि चालवायला कुदळ-फावडे पुरते. पण कच्चे पाणी सतत तीस-चाळीस एनटीयूच्या वर राहिले की ती कोंदते. एकाच दशकात, एकाच राज्यात, लहान गावांसाठी दोन वेगळ्या वाटा चाचपून पाहिल्या जात होत्या, आणि दोन्हींचा पहिला प्रश्न एकच होता: पाणी कोणत्या महिन्यात किती गढूळ असते?

या साधनांविषयी एक सावधगिरी ठेवली पाहिजे. लेख आणि पुस्तक या दोन्हींचा कर्ता तोच, जो रचनेचा कर्ता. आपल्या मुलाचे गुण बाप सांगतो, तेव्हा ऐकणारा जसा थोडे वजा करतो, तसे इथेही करावे. नेहमीच्या केंद्रापेक्षा खर्च किती वाचला, याचे आकडे मी म्हणूनच या लेखात घेतले नाहीत. शुल्झ आणि ओकन यांचा ग्रंथ इथे उपयोगी पडतो. त्यांना रामटेकशी काही देणेघेणे नव्हते. जगभरच्या लहान केंद्रांची तुलना करताना त्यांनी महाराष्ट्रातली ही तीन उदाहरणे निवडली आणि यंत्रांविना चालणाऱ्या रचनांचे नमुने म्हणून मांडली. ओकन या उत्तर कॅरोलिनाच्या प्राध्यापकाला चांदोरी माहीत होते आणि आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर कुणाला माहीत नाही, हे मला खटकते.

आता वेंगुर्ल्याचा आकडा. शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास. भुयारी गटारे नसलेल्या गावाला माणशी ७० लिटर आणि असलेल्या शहराला १३५ लिटर, हा नेहमीचा सरकारी मापदंड. म्हणजे रोजची गरज ८ लाख ४० हजार ते १६ लाख २० हजार लिटर. चांदोरी १० लाखांचे, रामटेक २४ लाखांचे. वेंगुर्ले नेमके या दोघांच्या मापाचे गाव आहे. आमच्या शहराचा निशाण तलाव हाही साठवणीचा तलाव. वाहत्या नदीपेक्षा तलावाचा फायदा असा की बराच गाळ आधी तिथेच बसतो. १८८० साली निघालेल्या, रत्नागिरी आणि सावंतवाडीवरच्या मुंबई गॅझेटियरच्या दहाव्या खंडात या किनाऱ्याचा पाऊस, बंदरे आणि विहिरी तपशिलाने आल्या आहेत. बंदराच्या भरभराटीच्या काळातही इथले पिणे विहिरीचे आणि तळ्याचे होते. गढूळपणा हा तेव्हा घरचा प्रश्न होता आणि तो हंड्यात सुटत होता. गावाचा प्रश्न तो नळ आल्यावर झाला.

पण नकाशा उचलून इथे ठेवता येणार नाही, आणि मला वाटते कर्डिले यांनीही तो ठेवला नसता. तापी-गोदेकाठची काळी माती आणि आमची जांभ्याची तांबडी माती या दोन जाती आहेत. काळीतली चिकणमाती फुगणारी, अतिबारीक. तांबडीत लोहाची ऑक्साइडे आणि केओलिन. त्याहून मोठा फरक पाण्याचा. घाटावरच्या पाण्यात चुन्याचे क्षार भरपूर असतात. तुरटीला तेच लागतात: एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. आमचे पाणी वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पावसाने धुतलेल्या, जांभ्यातून झिरपलेल्या जमिनीचे. ते इतके मृदू की अंगावरचा साबणाचा फेस जाता जात नाही. अशा पाण्यात ४० मिलिग्रॅम तुरटी घातली तर तिला २० मिलिग्रॅम क्षारता हवी. ती नसली की पाणी आंबट होते, पुंजके धरत नाहीत, आणि गढूळपणा कमी होत नाही म्हणून माणूस आणखी तुरटी घालतो. मघाच्या सहा बरण्यांतली सर्वांत जास्त तुरटीची बरणी गढूळ राहण्याचे कारण आमच्याकडे बहुधा हेच असते. उपाय चिमूटभर चुना. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून बरणीत थेंबभर टाकला, तर फरक तिथल्या तिथे दिसतो. वरणगावच्या पुस्तकात पाहून वेंगुर्ल्याची तुरटी ठरवू नये, ती वेंगुर्ल्याच्या बरणीत ठरवावी.

तीन गावांची तीन केंद्रे एकाच माणसाने सात वर्षांत उभी केली आणि तिन्ही एकसारखी नाहीत. रामटेकला नळ्या घातल्या नाहीत, वरणगावला घातल्या. मला या कागदांत सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, करवंटीपेक्षाही. प्रत्येक ठिकाणी आधी पाणी पाहिले, मग कागदावर रेघ ओढली. आज योजना मंजूर होताना क्षमता, अंदाजपत्रक आणि ठेकेदार आधी ठरतात. कच्च्या पाण्याचा बारा महिन्यांचा गढूळपणा हा एक रकाना असतो आणि तो पुष्कळदा एकाच दिवसाच्या नमुन्यावर भरला जातो. तो दिवस उन्हाळ्यातला असला की कागदावर सगळे नितळ.

वास्तविक ती बारा महिन्यांची माहिती कुठे ना कुठे असतेच. पंपघरात रोज वही लिहिली जाते: पंप किती वाजता सुरू झाला, तुरटी किती पोती गेली, वीज कधी गेली. पावसाळ्यातल्या पानांवर एखादा ‘पाणी फार गढूळ’ एवढेच लिहून ठेवतो. वही भरली की कपाटावर जाते, आमच्या दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि कार्यालय बदलताना ती रद्दीत निघते. रामटेकची हकीकत उरली, कारण ती छापली गेली. पंपघरातल्या वह्या कुणी छापणार नाही.

वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण, कुडाळ या भागात ज्यांनी पाणीपुरवठ्याचे काम केले आहे, ते आता निवृत्त झाले असतील. त्यांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या घरी जुन्या नोंदवह्या, तुरटीच्या पावत्या, नमुना तपासणीचे कागद, खडूने रंगवलेले नकाशे पडून असतील, तर ते टाकू नयेत. आधी दोन दिवस उन्हात वाळवावेत, पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि मूळ कागद गावच्या वाचनालयात नेऊन द्यावेत. वहीवर साल लिहिलेले नसेल तर आठवत असेल ते पेन्सिलीने लिहावे. पावसाळ्याची पाने आधी वाळवा, कारण ओल त्यांनाच जास्त लागलेली असते.